पाळण्यातलं वजन

गुपचूपने घरात मूल लपवलंय, ही बातमी आमच्या इमारतीत फुटली ती शिंपीणबाईंच्या तोंडून. त्या त्याच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायच्या. शिलाई मशीनवर बसल्या की डोक्यावर कुईं-कुईं सुरू. "पाळणाच तो! तीन मुलं वाढवलीत मी, मला आवाज शिकवता?" शिवाय त्याच्या दोरीवर इवलीशी दुपटी वाळत. बायको जाऊन चार वर्षं झालेल्या साठीच्या माणसाच्या दोरीवर दुपटी! पुढचं लोकांनी आपापल्या वकुबाप्रमाणे रचलं. कुणी त्यात एक नर्स घातली, कुणी कोर्टकचेरी. मी काहीच घातलं नाही. ऐकलं आणि फक्त चार ठिकाणी सांगितलं.

गुपचूप हे अर्थात आम्ही ठेवलेलं नाव. जळालेल्या मोटारी गुंडाळण्याचं त्याचं दुकान होतं. पंपाची, पंख्याची, मिक्सरची जळकी तार उपटायची आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरायचे. वेढे मोजताना बोलता येत नाही, ती सवय घरीही गेली. त्याच्याकडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला स्क्रू काढणं. गिऱ्हाइकाने "कधी मिळेल?" विचारलं की दोन बोटं वर करायचा, म्हणजे दोन दिवस. हुज्जत घातली की तिसरं बोट वर.

बायको होती तोवर त्याच्या वाट्याचं ती बोलायची. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेलेली. तिचा फोन आईला यायचा, हा मागे उभा राहून मान हलवायचा आणि आई सांगायची, "बाबा मान हलवतायत गं." आई गेली आणि मान हलवलेली सांगायला कुणी उरलं नाही. मग फोन दोन-दोन महिन्यांनी. "बरे आहात?" "हं." "जेवता ना वेळेवर?" "हं." झालं.

पुढे मुलीला मुलगा झाला. जावई जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. एका रविवारी सकाळी तिचा फोन आला तो रडवेला. "बाबा, हा मांडीवरून खाली ठेवला की भोकाड पसरतो. हात भरून येतात हो माझे. मोटारीवर आपोआप हलणारा झोका करून द्याल?"

"वजन किती त्याचं?" गुपचूप म्हणाला.

बापाने आपल्याला काही विचारलंय हे मुलीला उमजायला एक क्षण लागला. "तीन किलो दोनशे."

त्याच दिवशी त्याने बांधकामावरून वाळू आणली, चाळली, तीन किलो दोनशे ग्रॅम मोजून पिशवीत भरली आणि पिशवी झोळीत निजवली. गाडीची काच पुसणारी वायपरची मोटार बसवून पाहिली. ती दोन्ही टोकांना असा हिसका द्यायची की पिशवीची शिवण उसवली. वाळू सांडू नये म्हणून पिशवी दुपट्यात गुंडाळायला लागला. दुपटी मळली की धुवायचा.

मग त्याला आठवलं, बायको मुलीला कसं निजवायची. भाजी निवडता निवडता पायाने. झोका परत आला की अंगठा नुसता टेकवायची, ओढायची कधीच नाही. हे त्याने दारातून, दुकानाला निघताना पाहिलं होतं. स्वतः एकदाही झोका दिला नव्हता. त्याने वायपरची मोटार काढून टाकली आणि स्वतःची गुंडाळली. गोल मोटार जणू उलगडून सपाट केली. तारेचं वेटोळं खाली लाकडात, चुंबक झोळीच्या बुडाला. झोळी खालून जाताना एवढासाच धक्का, अंगठ्याएवढा.

आणि दर रविवारी दहाला फोन यायला लागला. आधी वजन. "चार किलो सहाशे, बाबा." तेवढी वाळू तो वाढवायचा. वजनानंतर इतर बातम्या. पडदा हलला की हसतो. शिंकला की स्वतःच दचकतो. गुपचूप म्हणायचा, "मग?" त्याच्या तोंडी "मग?" म्हणजे दुसऱ्याचं तासाभराचं भाषण. फोन पाच मिनिटांवरून अर्ध्या तासावर गेला. शेवटी ती विचारायची, "कधी होईल हो?" हा सांगायचा, "वजन वाढतंय ना. त्याच्या मापाने करतोय."

सहाव्या महिन्यात त्याच्या दुकानाशेजारचा घड्याळवाला वर आला. तोच काय तो मित्र. खुर्ची ओढून त्याने झोका पाहिला, खिशातलं घड्याळ काढून हेलकावे मोजले, वाळूची एक पुडी वर टाकून परत मोजले.

"अरे लबाडा, लंबकाला वजन कळत नाही. चाळीस वर्षं लंबक लावतोय मी. तीन किलो ठेव नाहीतर सात, हेलकावा तेवढाच. तुला माहीत नाही होय?"

"मला माहीत आहे," गुपचूप म्हणाला. "तिला नाही."

घड्याळवाल्याने घड्याळ खिशात टाकलं आणि म्हणाला, "पोरीचे हात भरून येतात, म्हणालास ना?"

गुपचूपने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी झोका सुटा केला, खोक्यात भरला, पार्सलच्या गाडीवर चढवला. कुईं-कुईं करणाऱ्या बेअरिंगला तेल गुपचूपने तेव्हा घातलं. इतके दिवस का घातलं नव्हतं, ते घड्याळवाल्याने विचारलं नाही.

गुरुवारी फोन आला. मुलगी कुजबुजत होती. "झोपला, बाबा! पाच मिनिटांत! मीपण झोपते आता."

"हं," गुपचूप म्हणाला.

रविवारी दहाला तो फोनपाशी बसला. पुढच्या रविवारीही बसला. मुलगी कामावर रुजू झाली होती, रविवारची झोप काढत असावी. तिसऱ्या रविवारी त्याने दुकान उघडलं.

खाली शिंपीणबाईंना पाळणा ऐकू येईना. त्यांनी डोळे पुसत जाहीर केलं, "दिलं हो कुणाला तरी, कसायाने!" तेही मी चार ठिकाणी सांगितलं.

खरं काय ते घड्याळवाल्याने मला फार उशिरा सांगितलं: झोळीत मूल नव्हतंच, वाळू होती. शेवटचं वजन सात किलो चारशे. आणि झोका दुसऱ्या महिन्यातच तयार झाला होता.