निळी ठिणगी

दुसरी जागतिक लढाई नुकती संपली होती तेव्हाची गोष्ट. माझ्या मांडीवरच्या लेकीचा श्वास घशात अडकत होता, आणि दवाखाना गोदावरीपलीकडे, कोपरगावात. नावेला लष्कराच्या मोडीतली मोटार लावलेली, ती नेमकी मधोमध बंद पडली. नावाडी दोरी ओढून ओढून दमला.

तेवढ्यात खाकी सदऱ्यातला एक उतारू उठला. प्लग काढून त्यानं मोटारीच्या लोखंडाला टेकवला नि मला म्हणाला, "बाई, घोंगडी धरा वरनं. उन्हात ठिणगी दिसत न्हाई."

"नाव वाहून चाललीय अन् ह्यो शिनेमा दावतोय!" नावाडी ओरडला.

"तू दोरी वढ की!"

ठिणगी पडली, पण पिवळी. "दमलीय," म्हणत त्यानं मोटारीच्या चाकाखालचे, ठिणगी पाडणारे काळवंडलेले पॉइंट काडेपेटीच्या खरखरीत बाजूनं घासले, लेकराचं नाक पुसावं तसे हळू. पुन्हा दोरी ओढली, तर निळी! प्लग बसवला आणि मोटार धडधडली.

काठाला मी हात जोडायला थांबले, तर खेकसला, "आदी पोरीला पळवा बाई, हात मागनं जोडा!"

पोरगी वाचली, बरं का. मी दवाखान्यातून परतले, तोवर तो निघून गेला होता. नावही विचारलं नव्हतं. म्हणून ते हात आता जोडते हो, दादा.