पितळेला चौकोन नाही

मी तिसरीपर्यंत शिकलो, तेही धड नाही. पण धातू ओळखण्यात माझा हात धरील असा माणूस अख्ख्या तुर्भ्यात नव्हता. मोठेपणासाठी लिहीत नाही, होतं तसं लिहितो.

साताऱ्याकडून आलो तेव्हापासून भंगाराच्या गोडाऊनमध्ये माल निवडायचं काम केलं. दोरीला बांधलेलं चुंबक आणि एक कानस, एवढीच माझी हत्यारं. चुंबकाला चिकटलं ते लोखंड. उरलेल्याला कानशीचे दोन हात मारायचे, आतला रंग बघायचा आणि आपापल्या ढिगावर फेकायचं. तांब्याचा ढीग वेगळा, पितळेचा वेगळा, शिशाचा, जस्ताचा वेगळा. ज्याचा ढीग वेगळा ती चीज वेगळी, हा माझा कायदा.

नव्वदच्या पुढची गोष्ट. आम्ही बोनकोड्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. पोरगी दहावीला. एक दिवस तिनं भिंतीवर मोठा कागद चिकटवला, नुसते चौकोनच चौकोन.

"हे काय, लॉटरीचं तिकीट?" मी विचारलं.

"आवर्तसारणी, आबा. जगातले सगळे मूळ पदार्थ. प्रत्येकाला नंबर असतो, एकेकानं वाढत जातो. आणि ठरावीक अंतरानं तोच स्वभाव परत येतो. एका स्वभावाचे एकाखाली एक, उभ्या रांगेत."

मी म्हटलं, बघू तुझा कागद किती पाण्यात आहे. "तांबं कुठंय? चांदी? सोनं?"

तिनं बोट ठेवलं. तिन्ही एकाखाली एक. मी उठून कागदाजवळ गेलो. तांबं, चांदी, सोनं ही सख्खी भावंडं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तिन्ही मऊ, तिन्हींची तार निघते. तांबं हिरवं पडतं, चांदी नुसती काळवंडते, सोन्याला काहीच होत नाही. मी हे बोललो तशी पोरगी टाळी वाजवून म्हणाली, "हेच तर! वरून खाली स्वभाव कसा बदलत जातो ते बघायचं. या पहिल्या उभ्या रांगेत उलटं आहे. पाण्यात टाकलं तर वरचा धातू नुसता चुरचुरतो आणि खालचे पेट घेतात."

"म्हणजे आपल्या भावकीसारखं. धाकटे जास्त तापट."

ती पोट धरून हसली. मग तिनं लोखंडाशेजारचे दोन चौकोन दाखवले, त्यांनाही चुंबक धरतं म्हणाली. त्यातलं निकेल मी हाताळलेलं होतं. खरं होतं तिचं.

सोन्याच्या खालचा चौकोन मात्र तिच्या कागदावर रिकामा होता. "इथं काय येतं?"

"अजून कोणाला माहीत नाही, आबा. पण जागा ठेवलीय. ज्यानं पहिल्यांदा हे मांडलं त्यानंही असे रिकामे चौकोन सोडले होते. हे सापडायचंय, सापडेल तेव्हा असं असेल म्हणाला, आणि तसंच सापडलं."

हे मला फार आवडलं. गोडाऊनमध्ये यायच्या मालाला मीही जागा सोडून ठेवायचो.

पण मग मी पितळ शोधायला लागलो. नव्हतंच.

"पितळ मिश्रण आहे, आबा. तांबं आणि जस्त. ही बघा दोघं शेजारी शेजारी."

पितळेत जस्त असतं हे मी ऐकून होतो. पण ज्या मालाचा ढीग मी इतकी वर्षं सांभाळला त्याला चौकोन नाही, हे मला काही सोसेना. शाळेत पालकांना बोलावलं तेव्हा मी पितळेची तोटी खिशात घालून गेलो. विज्ञानाच्या मास्तरांच्या टेबलावर ती आपटली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "तुमचा तक्ता चुकलाय."

मास्तरांनी तोटी उलटीसुलटी केली. "काका, मिश्रणाला चौकोन द्यायचा तर मग भेळेलाही द्यावा लागेल."

सगळा वर्ग हसला. आयाबाया हसल्या. त्याचं मला काही नाही. तोंडावर हात ठेवून माझी पोरगीही हसली.

मी तोटी उचलली आणि चालत घरी आलो.

दहावीला तिला चांगले मार्क पडले. सायन्सचा फॉर्म आणला, पालकांची सही हवी होती. सही मला येते. मी केली नाही. म्हटलं, कॉमर्स घे.

बायको म्हणाली, "अवो, पोर एकदा हसली म्हून तिला जन्मभर रडवणार का?"

मास्तर स्वतः घरी आले. पायरीवर बसून म्हणाले, "काका, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं. पण तिचं नुकसान करू नका."

मी म्हणालो, "तुमच्या तक्त्यात माझ्या पितळेला जागा नाही, माझ्या घरात तुमच्या सायन्सला नाही."

हे वाक्य मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. दोन दिवस मनातल्या मनात घोळवलं. पोरगी रडली नाही, भांडली नाही. तिनं कागद भिंतीवरून सोडवला आणि घडी घालून ठेवला. बायकोनं पुढं तो मांडणीवर अंथरला.

मास्तरांना मी अजून माफ केलेलं नाही. शिकलेल्या माणसाला हसू आवरता यायला पाहिजे. पण सही मास्तरांनी अडवली नव्हती.

पोरगी आता बाजार समितीत एका गाळ्यावर बिलं करते. सणाला येते, तब्येत विचारते, औषधं आणते. तिच्याकडून काही कमी नाही. मला काही समजावून सांगणं मात्र तिनं कागद उतरवला त्या दिवसापासून बंद केलं.

मागच्या दिवाळीला मांडणीवरचे डबे ती उतरवत होती. खाली तो कागद तेलकट, पिवळा झालेला. मी मुद्दाम विषय काढला. "पोरी, सोन्याखालचा तो चौकोन रिकामा होता बघ. भरला का गं पुढं?"

तिनं डबा पुसून परत जागेवर ठेवला.

"मला काय माहीत, आबा. मी कॉमर्सवाली."