सुंदरबाईंचं रक्त

सुंदरबाईंबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. गावात कुणी त्यांचं नाव काढलं की मी विषय बदलत असे. आता टाळायला फारशी वर्षं उरलेली नाहीत.

गेवराई तालुक्यातल्या आमच्या सहकारी दूध संस्थेत मी व्यवस्थापक होतो. सुंदरबाई तिथे दूध घालायच्या. दुष्काळ होता. शहरातून एक डॉक्टरीणबाई आल्या. रक्तातल्या काही प्रथिनांवरून अंडाशयाचा कर्करोग लवकर ओळखता येतो का, हे त्यांना तपासायचं होतं. बाया घाबरल्या, तेव्हा सुंदरबाईंनी पहिला हात पुढे केला. सुई टोचताच शीर सापडली.

"बगा, हितं लगीच लागलं," त्या म्हणाल्या. "मग माज्या हिरीला पानी कावून लागंना?"

बाया हसल्या आणि रांगेत आल्या.

रक्तातला वरचा पिवळसर भाग नळ्यांत भरून संस्थेच्या फ्रीजरमध्ये ठेवला होता. नळ्या वितळू द्यायच्या नाहीत, वितळल्याच तर कळवा, पुन्हा रक्त घेऊ, असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं. एके दिवशी वीज गेली. जनरेटरचं डिझेल मी पाण्याच्या टँकरला देऊन बसलो होतो. दुपारी नळ्या वितळल्या, संध्याकाळी पुन्हा गोठल्या. नासलेलं दूध मी वासावरून ओळखायचो. या नळ्यांना वासच नव्हता. मी गप्प राहिलो. आजही वीज जाऊन घरातल्या फ्रीजची घरघर थांबली, की माझा हात त्याच्या दाराकडे जातो.

प्रथिनं वाढलेल्या बायांना सोनोग्राफीला बोलावलं. सुंदरबाईंना बोलावणं आलं नाही. पण त्यांचं पोट फुगायचं, दोन घासांत भरायचं. ऊसतोडीला निघण्याआधी त्या मुद्दाम माझ्याकडे आल्या.

"सायब, माजं रगत नीट ठिवलंतं न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

"मग जाते बिनघोर."

गुढीपाडव्याच्या आधी परतल्या, त्या पोटात पाणी होऊनच. गाठ अंडाशयातच निघाली, फार पसरलेली. नळ्या वितळल्यामुळेच निदान हुकलं का, ते मला माहीत नाही. मी कधी कुणाला विचारलंच नाही.

शेवटचं भेटलो तेव्हा त्या बाजेवर पडून होत्या. सुनेला चहा ठेवायला सांगून मला म्हणाल्या, "त्या डाक्टरीणबाईला म्हनावं, आनखी रगत पायजे तर न्या. बाकीच्या बायांच्या तरी कामाला यील."

माफ करा म्हणायला मी तोंड उघडलं.

"म्हैस किती दूध देते?" मी विचारलं.

"आटली, सायब. च्या कोराच हाय. चालंल का?"

चालेल म्हणालो.