गाय होती की रोही

माझ्या नवऱ्याच्या मॉर्निंग वॉक क्लबाला अधूनमधून समाजसेवेचा झटका येतो. ही मंडळी रोज सकाळी आमच्या नागपुरातल्या एका प्राणिसंग्रहालयाच्या बागेत फिरतात. फिरतात म्हणजे एक चक्कर मारतात आणि मग बाकावर बसून देश चालवतात. तिथं एक दिवस पाटी लागली, ‘प्राणी दत्तक घ्या’. झालं! क्लबाला काम मिळालं.

आधी वाघ घ्यायचा ठरला. पण वाघ एका बिल्डरनं उचलला होता आणि बिबट्या एका दातांच्या डॉक्टरनं. उरले साळिंदर, तडस आणि नीलगाय. तडसाच्या पिंजऱ्यावर क्लबाचं नाव? छ्या! साळिंदराबरोबर फोटो काढून पाहुण्यांना काय दाखवणार? नीलगाय म्हटल्यावर मात्र सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. नावात गाय होती ना!

मी मौद्याकडच्या शेतकऱ्याची पोर. आमच्याकडे या जनावराला रोही म्हणतात, आणि त्याचं नाव घेताना कोणी हात जोडत नाही. रोह्यांचा कळप हरभऱ्यात शिरला की माझे वडील जे बोलायचे, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, “अहो, ते गाय नाही. रोही आहे, हरणाच्या जातीचं. तुमची मादी तर निळीही नाही, चांगली तपकिरी आहे.”

“तुले काय समजते वं?” इतवारीत भांडी विकणारा माझा नवरा म्हणाला. “बोर्डावर काय लिवलं आहे? गाय. बोर्ड काय खोटं बोलून राहिला का?”

दत्तक घ्यायचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, प्रमाणपत्र, फोटो. प्राणिसंग्रहालय माणसाला निसर्गाशी कसं जोडतं, समाजाला एकत्र कसं आणतं, यावर क्लबाच्या अध्यक्षांनी लांबलचक भाषण ठोकलं. म्हणजे माझ्याच नवऱ्यानं. मी मागं उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होते.

पण गंमत अशी की जोडली गेले ती मी. शेतात मी रोही पाहिली होती ती फक्त पळताना, पाठमोरी. इथं ती जाळीशी येऊन उभी राहायची. गालावर पांढरे ठिपके, लांब पापण्या, आणि मी बोलले की कान माझ्याकडे. मी रोज जायला लागले. सरळच सांगते, माझा जीव जडला तिच्यावर. वडिलांनी पाहिलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.

एक दिवस तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ती गाभण आहे, पहिलटकरीण. “चारा आणि पाला, बस. पोळी-भात पोटात गेला तर आत आंबतो, पोट फुगतं. दोन्ही जीव जातील.”

आणि इकडे क्लबाच्या घराघरांतून पोळ्या निघायला लागल्या होत्या. गायीची पहिली पोळी रस्त्यावरच्या गायीला काहून द्यायची, आता आपली स्वतःची गाय आहे! पोळीची सुरळी करायची, जाळीतून आत सरकवायची. पहारेकऱ्यानं हटकलं तर खिशातून प्रमाणपत्राची झेरॉक्स काढायची. “आम्ही पालक आहोत गा, तू कोण?” डॉक्टरांनी मोठा बोर्ड लावला, ‘खाऊ घालू नये’. त्याच बोर्डाच्या खिळ्याला पोळ्यांची पिशवी अडकवून मंडळी नमस्कार करायची.

मी भांडले. घरी भांडले, बागेत भांडले. क्लबातल्या एक काकू म्हणाल्या, “माय वं! एवढी शिकलेली बाई, अन् गायीच्या तोंडचा घास काढून राहिली!”

वसुबारस आली. गाय-वासराची पूजा करायची, तर इथं पोटातल्या वासरासकट तयारच! सगळा महिलावर्ग ताटं घेऊन हजर. पुरणपोळी, उडदाचे वडे, भात, गूळ. मी जाळीला पाठ लावून उभी राहिले, ओरडले, “बाप्पा हो, मरेल ना ते!” नवऱ्यानं माझा दंड धरला आणि मला बाजूला घेतलं. चारचौघांत. ती बिचारी जाळीशी आली आणि एकेक घास खात राहिली.

दिवाळी सरायच्या आत ती मेली. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोटात आंबलेल्या पोळ्यांचा गोळा होता. आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू.” मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले.

क्लबात सुतकी चेहरे. शोकसभेचं ठरत होतं, तेवढ्यात पोथ्या वाचणारे एक काका हळूच म्हणाले, “पण आपल्या पोळ्यांनी गाय मेली म्हणजे... गोहत्याच झाली ना जी?”

मग कोणीतरी म्हणालं, “पण ते गाय होती कुठं?” आणि बघता बघता सगळे शास्त्रज्ञ झाले! हरणाच्या जातीचं जनावर. शेतकऱ्यांचं किती नुकसान करते. नाव ठेवणाऱ्याचीच चूक आहे सारी. पोथीवाल्या काकांचं समाधान मात्र होईना. कोणी जाणत्यानं सांगावं, म्हणाले.

नवरा घरी आला तो माझ्याशेजारी येऊन बसला. आवाज लोण्यासारखा मऊ. “तू तर पहिल्या दिवसापासून सांगून राहिली होती ना, रोही आहे म्हणून. तू शेतकऱ्याची पोरगी, तुझं ऐकतील लोकं. उद्या येऊन एवढं सांग ना.”

“येते,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाकाभोवती सगळे जमले. काकूंनी मला बसायला जागा करून दिली. नवऱ्यानं घसा खाकरला, “हिचं माहेर मौद्याकडचं आहे. हिले विचारा.”

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी उभीच राहिले.

“गाय होती,” मी म्हटलं. “अन् गाभण होती.”