ओठावरची खूण

माझ्या वडिलांशी मी एकच लक्षात राहण्याजोगं खोटं बोललो, आणि तेही एका रोहू माशाबद्दल.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याच्या एका नव्या कचेरीत मला कारकुनाची नोकरी लागली होती. कचेरी नवी, पण टेबलं जुन्या जिल्ह्यातून आलेली. त्यांच्या पायांवर जुन्याच जिल्ह्याचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं. मला त्याचं काहीच वाटायचं नाही. बसायला खुर्ची आहे आणि डोक्यावर पंखा आहे, एवढ्यावर मी खूश होतो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका खेड्यात वडील दुसऱ्यांच्या शेतावर राबायचे, आणि त्या राबण्यातून त्यांनी मला नांदेडच्या कॉलेजात घातलं होतं.

मासेमारीची हौस मला नांदेडलाच लागली. वसतिगृहातली आम्ही पोरं रविवारी सायकली काढून विष्णुपुरीला गोदावरीवर जायचो. तिथं धरणाचं काम चालू होतं, आणि त्या कामावरचे एक इंजिनिअर घडीची खुर्ची टाकून, हातात गळ लावलेली चकरीची काठी धरून दिवसभर पाण्याकाठी बसलेले असायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "साहेब, किती मासे लागतात?"

"महिन्यातून एखादा."

"मग एवढा वेळ बसता कशाला?"

"बसायलाच."

हे उत्तर मी कितीतरी दिवस डोक्यात घोळवत होतो. आमच्या वस्तीत मासा धरायचा तो खायला. वडील ओढ्यात उतरायचे, दगडाच्या कपारीत दोन्ही हात घालायचे आणि डोळे मिटून मासा चाचपायचे. हात वर आला की त्यात मासा असायचाच. पाण्याकाठी नुसतं बसणं ही चैन असते, हे मला त्या खुर्चीमुळं कळलं. नोकरी लागल्यावर मी पहिली चैन करायची ठरवली ती हीच.

गळ घ्यायला मी लातूरच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात गेलो. दोर, बादल्या, खिळे, कुलपं असलं सगळं तिथं मिळायचं. गल्ल्यावर गळ्यात लिंग आणि कपाळावर भस्माचे पट्टे असलेले, पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. सगळी पेठ त्यांना आप्पा म्हणायची. मी विचारलं, "आप्पा, तुम्ही तर शिवभक्त माणसं, मासा खात नाही. मग गळ कसे ठेवता?"

"लंगोट इकणारा पैलवान असावाच लागतो का?" आप्पा म्हणाले. मग आजूबाजूला बघून हळूच पुढं झुकले. "रविवारी काय करता बाबूसाहेब?"

अशी आमची जोडी जमली. आप्पांना गळ टाकायचं वेड होतं, आणि खायची मात्र शपथ. गांडुळाला ते हात लावायचे नाहीत. ज्वारीच्या पिठात गूळ मळून त्याच्या गोळ्या करायचे. मासा लागला की हलक्या हातानं गळ काढायचे, माशाला एकदा सूर्याकडं धरून बघायचे आणि "जा बाबा" म्हणून परत पाण्यात सोडायचे. शहरापासून सायकलीवर तासाभराच्या अंतरावर एक पाझर तलाव होता. आमचे रविवार तिथं जायचे.

पहिल्या रविवारी माझ्या गळाला आप्पांचं धोतर लागलं. दुसऱ्या रविवारी खेकडा. तिसऱ्या रविवारी एक कासव, जे आम्ही दोघांनी मिळून अर्धा तास सोडवलं आणि जे जाताना माझं बोट चावून गेलं. आप्पा गंभीरपणे म्हणायचे, "तुमचा हात चांगला हाय. फक्त माशांना ते म्हाईत न्हाई."

आणि इकडं मी गावाकडं सांगून बसलो होतो की मी रविवारी मासे धरतो. वडील खूश झाले होते. "आण की एखादा," म्हणाले होते. त्यांचं मन राखायला, की माझी लाज राखायला, कोण जाणे, पण दिवाळीला गावी जाताना मी बाजारातून एक ताजा रोहू घेतला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि घरी गेल्यावर वडिलांपुढं ठेवला. "मी धरला," म्हणालो.

वडिलांनी तो दोन्ही हातांत घेतला. कल्ला उघडून बघितला, तोंड उघडून बघितलं.

"गळ कुठं लागला म्हणलास?"

"ओठाला."

"ह्येचा ओठ तर माझ्यापेक्षा चांगला हाय," वडील म्हणाले. मग आईला म्हणाले, "घे. बाजारातला हाय, पण ताजा हाय."

रागावले नाहीत. मासा आवडीनं खाल्ला. पण त्या दिवसापासून त्यांनी एक नवीन सवय लावून घेतली. मी काहीही सांगितलं की ते विचारायचे, "गळाचं का बाजारातलं?" साहेबांनी माझ्या कामाची तारीफ केली म्हणालो: गळाचं का बाजारातलं? तब्येत बरी आहे म्हणालो: गळाचं का बाजारातलं? आई हसायची, शेजारी हसायचे, मीही हसायचो. पण आत कुठंतरी लागायचं. ज्या माणसानं माझ्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवून मला शिकवलं, जे वाचता येत नव्हतं ते निकालपत्रसुद्धा मी सांगेन तसं खरं मानलं, तो माणूस आता माझं बोलणं पारखून घेत होता. मला एकदाच, फक्त एकदाच, खराखुरा गळाचा मासा त्यांच्या हातात द्यायचा होता.

मग दुष्काळ पडला. पाऊस एका वर्षी कमी झाला, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. पाझर तलाव आटत आटत मधोमध एक डबकं उरलं, आमच्या कचेरीच्या अंगणाएवढं. भोवती चिखल वाळून त्याला तडे गेले होते. लोक पाटी घेऊन उतरत आणि हातानं मासे उपसून नेत. एक गुराखी मला म्हणाला, "साहेब, काठी कशाला? वाका की जरा."

"नाही," मी म्हणालो. "मला गळानंच धरायचाय."

"शिकलेल्या माणसाचं काय खरं न्हाई," असं म्हणून तो गेला.

गांडुळंही मिळेनाशी झाली होती. मी नाकतोडा लावला. आप्पा पलीकडं पिठाची गोळी लावून बसले होते. वैशाखातली सकाळ, पण ऊन असं की काठी हातात भाजत होती. ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा माझा तरंगा एकदा थरथरला, थांबला आणि सरळ खाली गेला. मी ओढलं. काठी वाकली. चिखलात माझे पाय घोट्यापर्यंत रुतले आणि मी बसकण मारली. दोरी सोडली नाही, एवढंच माझं कर्तृत्व. आप्पा धोतर खोचून धावत आले आणि ओरडायला लागले, "ढील द्या! ढील! अहो कचेरीतली फाईल हाय का ती, एकदम ओढायला?"

चिखलावर आली तेव्हा दिसली: मरळ. काळपट, सापासारखं डोकं, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. गळ तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात, डाव्या बाजूला. मी तिथंच चिखलात बसून हसत सुटलो.

आता प्रश्न असा होता की त्या दिवशी गावी जाऊन परतायला वेळ उरला नव्हता, पुढच्या रविवारपर्यंत रजा नव्हती, आणि मेलेला मासा आठवडाभर टिकणार नव्हता. आप्पा म्हणाले, "मरळ हाय ती. वर येऊन हवा घेती. ओल्या पोत्यात घाला. आमच्या आडात सोडू. तुमच्या वडलांनाच बोलवा बघायला."

आप्पांच्या घरामागं आड होता. त्या उन्हाळ्यात त्यात दोन पुरुष पाणी उरलं होतं आणि गल्लीतल्या बायका तिथून एकेक घागर नेत. आप्पांच्या आई, त्यांना आम्ही अव्वा म्हणायचो, सत्तरी ओलांडलेल्या आणि सोवळ्याच्या कडक. मला वाटलं, मासा बघून त्या आम्हाला पोत्यासकट बाहेर काढतील. पण त्यांनी पोत्यात डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "सोडा. माझ्या सासूच्या काळात आडात कासव होतं. किडे खातंय, पाणी नितळ राहतंय." मग जरा थांबून, "पण रविवारपर्यंतच ना?" असं विचारलं.

मी गावाला पोस्टकार्ड टाकलं: 'बाबा, मरळ धरली आहे. जिवंत आहे. रविवारी येऊन स्वतः बघा.' आमचं पत्र शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे, आणि ते पारावर मोठ्यानं वाचायचे. म्हणजे आता हा मासा सगळ्या गावाचा झाला होता.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. रोज कचेरी सुटली की मी आडावर. बायका पोहरा सोडताना म्हणायच्या, "सर गं बाई, बाबूसाहेबांचा पाहुणा वर येतोय." मरळ हवा घ्यायला वर यायची, पुळकन आवाज व्हायचा आणि ती खाली जायची. अव्वा रोज संध्याकाळी काठावर बसून भाकरीचे बारीक तुकडे टाकायच्या. "ती भाकरी खात नसते, अव्वा," मी म्हणालो. "खात न्हाई तर न्हाई," त्या म्हणाल्या, "दारात आलेल्याला इचारावं तर लागतंय."

बुधवारी माझ्या मनात एक भयंकर विचार आला. मी दुकानात धावत गेलो. "आप्पा, गळाची जखम भरून आली तर?"

"तर चांगलंच की तिच्यासाठी."

"आणि माझ्यासाठी? खूण गेली तर बाबा म्हणतील, बाजारातून जिवंत आणली."

आप्पांनी कुलपाची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. "बाबूसाहेब, तुम्ही मासा धरलाय का साक्षीदार?"

रविवारी सकाळच्या एस्टीनं वडील आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, आणि हातातल्या पिशवीत आईनं वाटून दिलेल्या मसाल्याचा गोळा. मासा खायच्या तयारीनंच आले होते. वाटेत एकच वाक्य बोलले: "गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं."

आप्पांच्या दारात दोघांचे नमस्कार झाले. "जय भीम," वडील म्हणाले. "शरणार्थ. या मामा," आप्पा म्हणाले. मागच्या अंगणात गेलो आणि वडील आडापासून चार हात लांब उभे राहिले, हात पाठीमागं बांधून. मला त्यांच्या त्या उभं राहण्याचा अर्थ माहीत होता. त्यांच्या तरुणपणी अशा घराच्या आडाला त्यांनी हात लावला असता तर काय झालं असतं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, पण मला कळत होतं.

अव्वांना कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी दोर उचलून वडिलांपुढं धरला. "ह्या दोघांनी सकाळपासून दहा येळा पोहरा टाकला. घावंना. तुम्हीच बघा. म्हणत्यात की तुमच्या हाताला मासा लागतो."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं, मग दोराकडं. मग पुढं झाले. पोहरा पाण्यात तिरका बुडवून त्यांनी दोर एकदम सैल सोडला आणि स्तब्ध राहिले, ओढ्यात राहायचे तसेच. पुळकन आवाज झाला आणि त्याच क्षणी त्यांनी हिसका दिला. पोहरा वर आला तेव्हा त्यात मरळ वेटोळं करून बसली होती.

त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. माझ्या छातीत धडधडत होतं, बी.ए.च्या निकालालासुद्धा एवढं धडधडलं नव्हतं. वडिलांनी अंगठ्यानं तिचा ओठ वर केला. उजवी बाजू बघितली. काही नव्हतं. डावी बाजू बघितली. जबड्याच्या कोपऱ्यात तांदळाएवढी पांढरी खूण होती.

"काय लावलं होतंस?"

"नाकतोडा."

"ओढली का ढील दिली?"

"आधी ओढली. आप्पा ओरडले, मग ढील दिली."

वडील हसले. खोटं बोलणारा माणूस 'आधी ओढली' असं सांगत नाही, हे त्यांना कळलं असावं. मग त्यांची बोटं तिच्या पोटावरून फिरली आणि हसू थांबलं. पोट फुगीर होतं. त्यांनी ते पुन्हा चाचपलं.

"गाभोळीनं भरलीय," ते म्हणाले. "अंडी हायती."

पिशवीतल्या मसाल्याचा वास अंगणात पसरला होता. अव्वा दुसरीकडं बघत होत्या. वडिलांना ही मरळ किती आवडते ते मला माहीत होतं. दोन वर्षं आमच्या ओढ्यात पाणी नव्हतं, म्हणजे दोन वर्षं त्यांनी ती खाल्ली नव्हती.

"भरलेली दुष्काळात बी खात न्हाईत," वडील म्हणाले, आणि त्यांनी ती पोहऱ्यात ठेवून हळूच खाली सोडली. "पाणी आलं की तळ्यात सोड. इसरू नको."

"मी आठवण करते," अव्वा म्हणाल्या, अगदी घाईनं. "आता कुणी उपाशी जायचं न्हाई. पिठलं टाकते." श्रावणात तळं भरल्यावर आम्ही मरळ तिथं नेऊन सोडली, त्या दिवशीही अव्वांनी सोबत भाकरी बांधून दिली, मरळीसाठी.

त्या रविवारी दुपारी आम्ही आप्पांच्या ओसरीवर एका ओळीत बसून पिठलं-भाकरी खाल्ली. आईचा मसाला वडिलांनी अव्वांना दिला. अव्वांनी तो हुंगून बघितला आणि म्हणाल्या, "वांग्यात चालंल."

संध्याकाळी मी वडिलांना एस्टी स्टँडवर सोडायला गेलो. आमच्याच गावचा एक गडी गाडीत आधीच खिडकीपाशी बसला होता. वडील दिसताच तो ओरडला, "काय तात्या, खाल्ली का मरळ? का पोस्टकार्डावरचीच होती?"

वडील शांतपणे चढले, त्याच्या शेजारी बसले आणि पिशवी मांडीवर घेतली.

"पिठलं खाल्लं," ते म्हणाले.

"बघा! म्हणजे बाजारातली पण न्हाई!"

गाडीतले दोघेतिघे हसले. वडिलांनी खिडकीतून माझ्याकडं एकदा बघितलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गळाची हाय. म्या ओठ बघितला."