दगड चाखणारा

हिवरखेडला आमच्या शेतात विहीर खोदणं सुरू होतं, तेव्हा वाटेनं जाणारा एक चष्मेवाला थांबला. वर काढलेल्या मातकट दगडाचा तुकडा उचलून त्यानं समोरच्या दातांनी कुरतडला, डोळे मिटले आणि थुंकला. मग दुसरा घेतला.

मला पाहवेना. "काहून जी, उपाशी हाय का?" म्हणत मी शिदोरी सोडली.

तो हसला. "दगडाची जात पाहतो, ताई. कचकचला तर गाळाचा, लोण्यासारखा लागला तर चिकणमातीचा."

"पह्यले भाकर खा."

सवयीनं त्यानं भाकरही तशीच कुरतडली, डोळे मिटून. चक्कीच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला नुकतीच छिन्नीनं टाकी लावली होती; पिठात कच आली असेल तर?

"अस्सल चिकणमाती," तो म्हणाला.

माझ्या भाकरीला कोणी माती म्हटलं आणि मी सुखावले, असं तेवढ्या एकदाच झालं.