जांभळा बाऊल आणि गव्हाचा चीक

परवा आमच्या गच्चीवर कुरडया घातल्या आणि माझा सगळ्यात लाडका बाऊल घरातून नाहीसा झाला...

मी मेहकरला औषधाचं दुकान चालवते आणि नाद म्हणाल तर जुन्या युरोपियन काचेचा, चिनी मातीचा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या फुलदाण्या, बश्या, सुरया... खामगावच्या भंगारवाल्याकडून, कुणाच्या माळ्यावरून, मिळेल तिथून आणते. नवरा डोक्याला हात लावतो, पण काचेचं कपाट मात्र त्यानेच करून दिलं.

दुपारी दुकान बंद असलं की मी त्या कपाटासमोर नुसती बसते. बाहेर ऊन रणरणत असतं आणि मी मनाने कुठल्यातरी बर्फातल्या गावात... ही स्वीडनची धुरकट फुलदाणी कुणाच्या खिडकीत असायची, ही जर्मनीची खरबरीत लाल सुरई कोण पुसायचं, असलं काहीबाही मनात येत राहतं. चहा गार होतो, तरी उठवत नाही.

त्यातला हा बाऊल चेकोस्लोव्हाकियाचा. तो देश आता नकाशावर नाही, बाऊल आहे. उन्हात फिकट जांभळा दिसतो आणि ट्यूबलाइटखाली निळा... काच तयार करतानाच तिच्यात काहीतरी मिसळतात, त्याची ही करामत. तसा दुसरा मला आजवर कुठेही सापडलेला नाही.

तर परवा... जानेफळची माझी आत्या दर उन्हाळ्यात येऊन कुरडया घालून देते. चीक शिजला की आधी शेजारीपाजारी वाटायचा, ही तिची पद्धत. मी दुकानात होते. घरातल्या वाट्या संपल्या, तशी आत्याबाईंनी सरळ माझं कपाट उघडलं.

संध्याकाळी घरी आले तर कपाटात मधोमध मोकळी जागा. मी तिथूनच आत्याला विचारलं.

"तो वाडगा? त्याच्यात बाजूच्या शोभाले चीक धाडला," आत्या शांतपणे म्हणाली.

"अगं, गरम चीक? काचेत?"

"निवू देला थोडा. काऊन वं, भांडंच हाय ना ते? का पूजा कराची हाय त्याची?"

जुनी काच गरम पदार्थाने तडकते, तारेच्या घासणीने ओरखडते... हे आत्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी तशीच चपला अडकवून निघाले.

शोभाकाकूंची आणि आमची भिंत एकच. दिवाळीच्या आधी काका गेले, मुलगी नाशिकला, तेव्हापासून काकू एकट्याच. फारशा बाहेर पडत नाहीत.

आणि खरं सांगायचं तर काका गेल्यापासून गल्लीतून त्यांच्याकडे काही जातही नव्हतं. त्यात कुणाचा आखडूपणा नाही. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही पाठवलं की त्यांना ते भरून द्यावं लागणार, मग एकट्या बाईला कशाला रांधायला लावायचं... असा विचार करून सगळ्यांनीच पाठवणं थांबवलं होतं. मीसुद्धा. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं.

काकूंच्या ओट्यावर ताटलीखाली झाकलेला बाऊल दिसला. ट्यूबलाइटच्या उजेडात काठ निळा... माझा जीव भांड्यात पडला. मी हात पुढे केला, तर काकूंनी माझं मनगटच धरलं.

"हालवू नको वं! आत्ताच दही लावलं."

"काकू, मला नुसता बाऊल हवा होता..."

"रिकामा कसा देऊ? चीक खाल्ला ना मी." मग ताटलीवर हात ठेवून म्हणाल्या, "घरात विरजणच नव्हतं. दही तुह्या काकालेच लागे रोज. मंग समोरून मागून आणलं."

दिवाळीपासून कुणाच्या दारात न गेलेल्या काकू चमचाभर विरजण मागायला रस्ता ओलांडून गेल्या होत्या... फक्त माझं भांडं भरून द्यायचं म्हणून. काचेला तडा गेलाय का ते बघायला गेले होते, ते बघायचं राहूनच गेलं.

मग मी तिथेच ओट्यापाशी बसले. काकू काकांबद्दल बोलत होत्या, दह्यात साखर घालायची की मीठ यावरून ते रोज कसं भांडण काढायचे वगैरे. पंखा कुरकुरत होता, झाकणाखाली दही हळूहळू लागत होतं... घाई करून उपयोगच नव्हता. किती वेळ बसले कुणास ठाऊक. फार दिवसांनी इतकं निवांत वाटलं.

सकाळी काकू स्वतः दही घेऊन आल्या. अंगणातल्या उन्हात बाऊल जांभळा झाला आणि त्या दारातच थबकल्या. "अवं, रंग बदलला वं याचा!" आत नेऊन बघितला, पुन्हा उन्हात आणला, पुन्हा आत... आणि हसायला लागल्या. कपाटासमोर इतकी वर्षं बसते मी, पण ही काच बघून कुणाला असं हसताना पाहिलं नव्हतं.

दही अगदी कवडीसारखं घट्ट. आत्या, काकू आणि मी ओसरीवर बसून चाटूनपुसून खाल्लं. बाऊलला साधा चरासुद्धा नाही.

आत्या काल गावी गेली. आज मी भरली वांगी केली, डेन्मार्कची एक निळी बशी कपाटातून काढली आणि काकूंकडे नेऊन दिली. उद्या ती काय घेऊन परत येते बघू...

सातासमुद्रापलीकडून ही काच माझ्या घरापर्यंत आली, त्याचं मला केवढं अप्रूप. पण माझ्या भिंतीपलीकडे जायला तिला आत्या लागली.